पाय टेकतात का?

नवी मोटरसायकल घेतली की उंच माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात : केवढ्याला पडली, ॲव्हरेज किती देते आणि पेढे कुठे आहेत. पाच फूट तीन इंचवाल्याला चौथाही विचारतात, आणि तो सगळ्यात आधी विचारतात. "पाय टेकतात का?" आवाजात काळजी असते, पण नजर थेट आपल्या टाचांवर. टाचा अधांतरी दिसल्या की विचारणाऱ्याला जो आनंद होतो, तो पेढ्याने होत नाही.

तसं मराठी माणसाला पाय जमिनीवर असण्याचं भारी कौतुक. दहावीच्या गुणगौरवापासून नगराध्यक्षांच्या सत्कारापर्यंत प्रत्येक प्रमुख पाहुणा बजावून जातो, की बाळांनो, कितीही मोठे व्हा, पाय जमिनीवर असू द्या. या पाहुण्यांना एकदा २०२० साली आलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरवर बसवायला हवं होतं. तिची सीट जमिनीपासून ८५५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेहेतीस इंचांच्याही वर. आमच्या उंचीच्या माणसाचा पाय आतून मोजला तर अठ्ठावीस इंचांच्या आसपास भरतो. बुटाचा तळ धरा इंचभर. उरलेले साडेचार इंच पाहुण्यांनी भाषणातून भरून काढावेत. आणि गंमत म्हणजे ही गाडी तयार होते आपल्या चाकणला. नटबोल्ट आवळणारा इथला, तपासणारा इथला, मापं तेवढी ऑस्ट्रियाची. ज्याने ती बनवली त्याने दिवसाकाठी डझनावारी गाड्या पुढे सरकवायच्या आणि संध्याकाळी स्प्लेंडरवर बसून घरी जायचं. स्प्लेंडरची सीट ७८५.

हे आकडे आम्हा मंडळींना तोंडपाठ असतात. अव्हेंजर २२० क्रूझ ७३७, मीटिऑर ७६५, पल्सर १५० पुन्हा ७८५, क्लासिक ३५० म्हणजे ८०५. उंच माणूस माहितीपत्रकात आधी ताकद बघतो, आम्ही शेवटच्या पानावरचा तळाचा रकाना बघतो आणि पुष्कळदा तिथूनच परत फिरतो. पण इतकी वर्षं हा रकाना वाचून माझं एक ठाम मत झालं आहे : तो आकडा खरा असतो आणि तरीही फसवतो.

बजाजची प्लॅटिना १०० घ्या. दूधवाल्यापासून शिक्षकापर्यंत कोणीही चालवतो, कोणाची तक्रार नाही. तिची सीट किती असावी? ८०७. कागदावर ती क्लासिक ३५० पेक्षा दोन मिलिमीटर उंच आहे. पण प्लॅटिनावर बसून पाय सोडला की तो सरळ खाली जातो, आणि त्या भारदस्त गाडीवर बसलं की आधी मांड्या फाकतात, मग पाय सीटला वळसा घालून रस्त्याच्या दिशेने निघतो आणि वाटेतच संपतो. पायाची लांबी जेवढी आडवी खर्च झाली तेवढी उभी मिळत नाही, हा भूमितीतला साधा हिशेब आहे. शिवाय प्लॅटिना ११७ किलोंची, ती कलली तर गुडघ्याने ढकलून सरळ करता येते. क्लासिक १९५ किलोंची. ती कलली की तिचं ऐकावं लागतं. तात्पर्य, सीट किती उंच आहे याहून ती पुढच्या बाजूला, टाकीपाशी, किती रुंद आहे हे विचारायला हवं, आणि ते कुठल्याच रकान्यात नसतं.

दुसरी लबाडी म्हणजे मोजण्याची वेळ. उंची मोजतात ती सहसा रिकामी गाडी सरळ उभी करून. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि सीट खाली येते. लांब सस्पेन्शनच्या उंच गाड्यांवर तर चांगलीच येते. आता न्याय बघा. बुटका माणूस बहुधा वजनालाही बेताचा. त्याच्या पन्नास-पंचावन्न किलोंची स्प्रिंग फारशी दखल घेत नाही. नव्वद किलोंचा सहाफुटी गडी मात्र बसला की गाडी अदबीने खाली जाते. म्हणजे ज्याला गरज नाही त्यालाच सवलत. आमच्या एका मित्राने यावर तोडगा म्हणून डाएट सोडलं. वजन वाढलं, सीटही म्हणे थोडी उतरली, पण ढेरी टाकीला लागायला लागली आणि हँडल लांब गेलं.

फुकटात होणारा एक उपाय आहे, आणि शोरूममध्ये तो आपणहून कोणी सांगत नाही. मागच्या स्प्रिंगचा ताण, म्हणजे प्रीलोड, पान्याने एक-दोन घरं सैल करायचा. गाडी थोडी बसते. अट एवढीच की मग मागे जड माणूस बसवायचा नाही. बसवला तर हेडलाइट समोरच्या वडाच्या पारंब्या दाखवतो आणि खड्ड्यात दोघांचेही दात वाजतात.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. दांड्याखालून पाय घालून ताशी भाड्याची सायकल शिकलेल्या आमच्या पिढीला सीटवर बसणं हीच मुळात चैन होती. मग १९७२ साली कायनेटिकची लुना आली आणि अवघ्या ठेंगण्या महाराष्ट्राचे पाय एकदम टेकले. लुनावाल्याला "पाय टेकतात का?" असं कोणी विचारलं नाही. "चढावर उतरावं लागतं का?" असं विचारत, आणि लुनावाला विषय बदलत असे.

आताची शोरूमं म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथल्या मुलाची नजर तयार असते. आपण दारातून आत शिरताक्षणी त्याने आपली उंची मोजून आपल्याला मनातल्या मनात स्कूटरच्या कोपऱ्यात उभं केलेलं असतं. आपण मोठ्या गाडीकडे वळलो की तो लगबगीने येऊन हँडल धरतो. "बसा ना सर." आपण बसतो. दोन्ही पायांचे चवडे कसेबसे फरशीला लागतात. गाडी त्याने धरलेली, फरशी गुळगुळीत आणि सपाट, एसी चालू. अशा अवस्थेत कोणालाही कुठलीही गाडी झेपते.

"टाचा टेकत नाहीत हो," आपण म्हणतो.

"सर, गाडी चालवायला घेताय. उभी करायला थोडीच?"

याला उत्तर नसतं. मग तो सांगतो, की परवाच तुमच्याच उंचीच्या एका सरांनी हीच गाडी नेली. हे सर मला आजवर रस्त्यात भेटलेले नाहीत, पण दर शोरूममधून ते परवाच गाडी नेतात. शेवटी तो सीट तळहाताने दाबून दाखवतो. "कुशन बघा सर, किती सॉफ्ट." आपणही दाबतो. मान डोलावतो. माणूस सीट हाताने दाबून पसंत करतो आणि नंतर बसतो मात्र दुसऱ्याच अवयवावर.

बसल्यावर आपलं वजन पेलतात ती बुडातली दोन हाडं. मऊ फोम या हाडांखाली पहिल्या दहा मिनिटांत दबतो, तासाभरात पुरता चेपतो आणि त्यानंतर हाडं थेट खालच्या प्लास्टिकशी बोलायला लागतात. पुण्याहून निघालेल्या माणसाला खंबाटकी घाटात सह्याद्रीची शोभा दिसत नाही, तो चहाची टपरी शोधत असतो. चहासाठी नाही, उतरायला कारण म्हणून. थोडा टणक, दाट फोम शोरूममध्ये नावडतो आणि कऱ्हाडपर्यंत साथ देतो. आमची खरी अडचण इथेच आहे. पाय टेकायला सीट पातळ हवी, बसायला जाड हवी. उंच माणसाला यातलं एकच मागणं मागायचं असतं. आम्हाला दोन्ही हवी, आणि दोन्ही एकाच फोममधून काढायची.

म्हणून आम्ही नाना पेठेत जातो.

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीचा हरेक सुटा भाग मिळतो आणि सीटवालेही बसलेले असतात. मी ज्यांच्याकडे गेलो ते साठीचे गृहस्थ होते. दुकान एका गाळ्याचं, माल सगळा फुटपाथवर. त्यांनी मला उंचीबद्दल अवाक्षर विचारलं नाही, "बसा गाडीवर" म्हणाले, आणि खाली उकिडवं बसून माझ्या मांड्यांकडे शिंप्याच्या नजरेने बघू लागले. मांड्या सीटच्या कडेला जिथे घासत होत्या तिथे खडूने दोन रेघा मारल्या. मग सीट काढली, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने रेक्झिनच्या स्टेपलच्या पिना एकेक उचकटल्या आणि कव्हर सोलून बाजूला ठेवलं. आत पिवळट फोमचा एक ओबडधोबड ठोकळा निघाला. एवढ्या रुबाबदार गाडीच्या आत इतकी साधी वस्तू असते हे बघून जरा वाईटच वाटलं.

त्यांनी हॅकसॉचं नुसतं पातं घेतलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि खडूच्या रेघेवरून दोन्ही कडा तिरप्या उतरवल्या. मधे हात लावला नाही.

"मधून नाही काढणार?" मी विचारलं. आलो होतो तो मधून काढायच्याच तयारीने.

"मधून काढून देतो की. पोरं तेच मागतात. मग दोन आठवड्यांनी परत येतात." पातं चालूच होतं. "मधे खोलगट केलं की माणूस त्यात अडकतो. पुढे सरकता येत नाही, मागे सरकता येत नाही. आणि पुढे उतार दिला तर ब्रेक मारला की सरळ टाकीवर. लग्न झालंय ना?"

"झालंय."

"मग नको."

कडा उतरल्यावर त्यांनी ग्राइंडरने फोम घासून गुळगुळीत केला. पिवळा भुगा माझ्या बुटांवर, शेजारच्या उसाच्या गुऱ्हाळावर आणि गुऱ्हाळातल्या गिऱ्हाइकांवर सारखाच पडला, कोणी काही बोललं नाही. मग बुडाखाली येणारा मऊ थर तळहाताएवढ्या भागात कापून तिथे रिबॉन्ड फोमचा टणक तुकडा चिकटवला, सीट कव्हराविना गाडीवर ठेवली आणि म्हणाले, "बसा."

मी बसलो. टाचा अजून वर होत्या, पण चवडे पुरते टेकले, आणि मुख्य म्हणजे पाय सरळ खाली गेले. उंची त्यांनी फारशी घटवलीच नव्हती. रुंदी घटवली होती.

"अजून थोडं कापू का?" त्यांनीच विचारलं.

"कापा ना. अजून इंचभर."

"कापतो. पण खाली प्लास्टिक आहे साहेब. मी फोम कापतो, प्लास्टिक नाही कापत. मग सातारला जाऊन या आणि मला सांगा."

कापलं नाही. रेक्झिन ओढून, स्टेपल गन मारून त्यांनी सीट हातात दिली तेव्हा एकच सूचना केली, की बसल्या जागी निकाल देऊ नका, तासभर चालवून मग बोला. शोरूममध्ये आजवर एकानेही मला तासभर चालवा म्हटलेलं नाही.

सीट कापून घेतल्याचा परिणाम संसारावर होतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. पुढची बाजू थोडीशी का होईना खाली गेली, मागची आहे तिथेच राहिली. बायको आता वरच्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. "अहो, सगळा वारा माझ्या तोंडावर येतोय," पहिल्याच फेरीत तक्रार आली. "पूर्वी निदान तुमचं हेल्मेट तरी आड यायचं." दुसरं म्हणजे तिला आता समोरचा रस्ता माझ्याहून आधी दिसतो. स्पीडब्रेकर, कुत्रं, कणसाची गाडी, ओळखीची माणसं, सगळं तिला दिसून झाल्यावर मला कळतं. गाडी मी चालवतो, पण दृष्टी तिची असते.

बाजारात इतरही इलाज आहेत. जेलची गादी मिळते, हवा भरायची उशी मिळते. बसायला बऱ्या, पण त्या सीटच्या वर बसतात. म्हणजे अर्धा-पाऊण इंच उंची कष्टाने कमावायची आणि तेवढीच उशीला परत द्यायची. शिवाय मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीवरच्या जेलवर बसणारा माणूस लगेच उभा राहतो, त्या वेळी पाय कसे टेकतात ते बघण्यासारखं असतं. काही जण मागच्या सस्पेन्शनच्या लिंका बदलून अख्खी गाडीच खाली उतरवतात. त्यात मेख अशी, की गाडी उतरते पण साइड स्टँड तेवढाच राहतो. स्टँडला लागून गाडी नीट कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते आणि एखाद्या मांजराने अंग घासलं तरी उजवीकडे आडवी होते. मग स्टँड कापून घ्या. मग पोट गावोगावच्या स्पीडब्रेकरला घासतं, त्याला काय कापणार?

"क्रूझर घे की," असा सल्ला देणारे उंच लोक असतात. क्रूझरची सीट खाली असते हे खरं. पण पायठेवे पुढे, हँडल लांब. पाय टेकतात, मात्र गाडी चालू असताना ते पायठेव्यापर्यंत पोचवायचे म्हटलं की माणूस सीटवर पुढे सरकतो, हँडलसाठी कमरेतून वाकतो आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. खड्डा आला तर पायांवर उठताही येत नाही, कारण पाय पुढे, आपण मागे. कमी उंचीची सीट आणि कमी उंचीच्या माणसाची सीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे क्रूझरवर बसून खड्ड्यातून गेल्याशिवाय कळत नाही.

कोणी म्हणेल, उंचीचं एवढं काय घेऊन बसलात. स्पेनचा दानी पेड्रोसा १६० सेंटिमीटरचा, म्हणजे आमच्याच गल्लीतला. तो २००३ साली १२५ सीसीचा विश्वविजेता झाला, २००४ आणि २००५ साली २५० सीसीचा, आणि पुढे होंडाच्या अजस्र गाडीवर मोटोजीपीच्या ३१ शर्यती जिंकला. मूर्ती लहान पण कीर्ती महान, कबूल. पण त्याचं एक बरं होतं. सुरुवातीच्या रेषेवर एकदा चवड्यांवर उभं राहायचं, मग पाऊण तास सिग्नल नाही, रिक्षा नाही, मध्येच यू-टर्न घेणारी बोलेरो नाही. त्याला संध्याकाळी सहा वाजता अलका टॉकीजच्या चौकात उभा करा, मग बोलू. बुटक्या माणसाला गाडी चालवता येते की नाही याबद्दल वाद नाही. सगळी परीक्षा थांबण्यात आहे.

आणि थांबायचं कुठे? आपल्या रस्त्यांना मधे उंचवटा आणि कडेला उतार असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण जातो डावीकडून, टेकवायचा असतो डावा पाय. म्हणजे नेमकी त्याच पायाखालची जमीन आणखी खाली गेलेली. पाणी काही वाहून जात नाही, तो भाग वेगळा. त्यामुळे अनुभवी बुटका माणूस सिग्नलला फुटपाथच्या कडेला चिकटतो आणि पाय फुटपाथवर ठेवून ऐटीत उभा राहतो. त्या क्षणी तो सहाफुटी असतो. रस्ता मोकळा असेल आणि फुटपाथ लांब असेल तर दोन्ही पायांचे अंगठे टेकवून थरथरत उभं राहू नये. डावीकडे अर्धं बूड सरकवावं, डावा पाय पुरता टाचेसकट टेकवावा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. दिसायला तिरपं दिसतं, पण गाडी हलत नाही.

हे मला माझ्या भाचीने शिकवलं. ती पाच फूट एक इंच आणि चालवते हिमालयन ४५०. त्या गाडीची सीट मुळात ८२५, पण कंपनीनेच कमी उंचीची वेगळी सीट काढली आहे, तिच्यावर ८०५ पर्यंत येता येतं. सीटचं आणि पाय टेकण्याचं माझं सगळं शास्त्र तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तू गाडी उभी करताना तोंड भिंतीकडे का करतोस? मग मागे ढकलता येत नाही म्हणून रडतोस. तोंड रस्त्याकडे ठेव, उताराला पाठ करू नकोस, अर्धा त्रास संपला." इतकी वर्षं नाना पेठेच्या फेऱ्या मारणाऱ्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. जाहिरातीतली बाई अजून मागच्या सीटवरच बसलेली असते, त्यामुळे तिचं कोणी विचारतही नाही. विचारलं असतं तर सीटा कधीच अरुंद झाल्या असत्या.

तेव्हा गाडी घ्यायला निघणार असाल तर एवढं करा. आधी घरी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाडजूड पुस्तक दोन मांड्यांमध्ये वरपर्यंत दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. विश्वकोशाचा खंड असेल तर उत्तम, तेवढ्यासाठी तरी तो उघड्यावर येईल. शोरूमला जाताना रोजचे बूट घाला आणि मागे बसणारं माणूस बरोबर न्या, सीट त्यांचीही आहे. पाय टेकतात का ते बघताना टाचांकडे बघू नका, मांड्या कुठे घासतात ते बघा. चवडे टेकत असतील आणि सीट रुंदीला कापण्याजोगी असेल तर गाडी घ्या, सीटवाला पुढचं बघेल. स्टँडवरून गाडी स्वतः काढा, स्वतः वळवा, स्वतः मागे घ्या. आणि त्या मुलाने मदतीला हँडल धरलंच, तर त्याला चहा सांगायला पाठवा.